रिंगचा आवाज वेगळा असतो

माझी शेजारीण बहिरी नव्हती, आणि त्या दुपारी ती झोपलेलीही नव्हती. हर्णेला आमच्या आळीत तिच्याबद्दल या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या. सांगणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना जेवढं दिसलं तेवढं ते सांगत होते. जे दिसलं नाही ते मला ठाऊक होतं.

मी मूळचा संगमेश्वराकडचा. नोकरी रत्नागिरीत, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत झाली. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झालो आणि आम्ही दोघं हर्णेला राहायला आलो. ते माझ्या बायकोचं माहेर. तिच्या वाट्याला आलेलं छोटं घर तिथे होतं आणि समुद्राचा वारा तिच्या अर्धशिशीला मानवेल असं तिला वाटायचं. वारा मानवला, पण अर्धशिशी गेली नाही. आठवड्यातून एकदोन दुपारी ती खिडक्या लावून, कपाळाला सुंठेचा लेप देऊन पडून असायची. अशा वेळी भांडं जरी पडलं तरी तिच्या डोळ्यांतून पाणी येई.

आमच्या घराला लागून शेजारणीचं घर. मधे एकच भिंत. शेजारीण माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पन्नाशी ओलांडलेली. नवरा लवकर गेलेला. नवऱ्याची आणि दिराची मिळून एक मासेमारीची बोट होती. ती आता दीर चालवायचा, तोच बोटीचा तांडेल. समुद्रावरचं सगळं त्याच्याकडे आणि किनाऱ्यावरचं सगळं हिच्याकडे, अशी वाटणी नवरा असल्यापासून होती आणि तो गेल्यावरही तशीच राहिली. बोट आली की बैलगाडी सांगायची, बर्फ उचलायचा, पुळणीवर आपली जागा धरायची आणि संध्याकाळच्या लिलावात उभं राहून म्हावरं विकायचं. लिलावात ती उभी राहिली की व्यापारी जरा सावरून बोलत. "या बाईसमोर सुरमईचा डोळा बघून मगच तोंड उघडायचं," असं एक व्यापारी मला म्हणाला होता. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. विधवा बाईला घरात मान असतो, पण बाहेर जागा नसते. तिला ती होती.

हर्णेच्या बंदरात तेव्हा बोटी थेट किनाऱ्याला लागत नसत. त्या पाण्यात उभ्या राहत आणि मासळी छोट्या होडीतून उथळ पाण्यापर्यंत, तिथून बैलगाडीतून पुळणीवर येई. म्हणून बोट यायच्या आधी गाडी सांगून ठेवणं फार महत्त्वाचं. पूर्वी बायका किनाऱ्यावर डोळे लावून बसायच्या. मोबाइल आल्यावर त्यांनी एक सोपी रीत काढली. बोट परतताना किल्ल्याच्या बाहेर आली की फोनला रेंज मिळायची. तिथून तांडेल घरी मिस्ड कॉल द्यायचा. एक मिस्ड कॉल म्हणजे बोट आली, एक गाडी सांगा. पाठोपाठ दोन म्हणजे बोट भरून आली, दोन गाड्या आणि जास्तीचा बर्फ. फोन उचलायचा नाही, नुसता वाजलेला ऐकायचा. उचलला तर तांडेल चिडायचा, "उगाच पैसे कशाला घालवतेस?" असं म्हणून.

दोन हजार आठच्या सुमाराला तिच्या मुंबईच्या जावयानं नवीन फोन घेतला आणि जुना सासूला पाठवून दिला. जुना म्हणजे कसला, आळीतला तो सर्वांत भारी फोन होता. त्यात गाणी होती, फोटो होते, मोठा स्पीकर होता. त्याला स्मार्टफोन म्हणतात हे मला माहीत होतं, कारण माझ्या मुलानं मस्कतहून मला जवळपास तसाच पाठवला होता. आळीत सगळे त्याला गाण्यांचा मोबाइल म्हणत. जावयानं रिंगला बेंजोची धून घालून दिली होती. ती वाजली की हळदीची वरात दारात आल्यासारखं वाटे.

मुलानं पाठवलेल्या फोनबरोबर एक पुस्तिका आली होती. निवृत्त माणसाला वेळ भरपूर. मी ती दोनदा वाचली. त्यातून मला एक गोष्ट समजली, जी आळीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. लोक फोनला रेडिओसारखं समजत. रेडिओला एक बटण, ते फिरवलं की सगळाच आवाज कमी-जास्त होतो. या फोनचं तसं नव्हतं. गाण्यांचा आवाज वेगळा, बोलताना कानात येणारा वेगळा, मेसेजचा वेगळा, गजराचा वेगळा आणि रिंगचा वेगळा. बाजूच्या बटणानं गाणं मोठं होई, पण रिंग होती तिथेच राही. रिंग बदलायची तर आत शिरून, दोन-तीन पायऱ्या उतरून जावं लागे. मी मस्कतला मुलाला विचारून खात्री करून घेतली. आळीतले लोक फोन घेऊन माझ्याकडे येऊ लागले. सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान होता. नळाच्या तक्रारी ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडे कुणीतरी नव्या गोष्टीसाठी येत होतं.

एक दिवस शेजारीण आली. हाताला खवले चिकटलेले, म्हणून फोन पदरात धरलेला.

"दादा, ह्याच्यातली गाणी लय बारीक येतात. म्हावरं साफ करताना काय ऐकू येत नाय. जरा मोठी करून द्या."

"बटण दाबलंस का बाजूचं?"

"दाबलं, पण माझ्या बोटांना तेल, ते कुठंतरी भलतीकडंच जातं. मागं एकदा आमच्या जावेचा फोटोच निघाला. तोंड उघडं होतं तिचं. आता ती म्हणते मुद्दाम काढलास."

मी हसलो आणि फोन घेतला. गाणी मोठी करून दिली. ती ओट्याजवळ उभी राहून माझ्या बायकोशी बोलत होती. बायकोसाठी तिनं वाटीभर तिसऱ्यांचं कालवण आणलं होतं. बायको कालच अर्धशिशीतून उठली होती, चेहरा पांढरा पडलेला. आदल्या दुपारी भिंतीपलीकडून ती बेंजो तीनदा वाजली होती आणि तिसऱ्यांदा बायको उशीत तोंड खुपसून रडली होती.

फोन माझ्या हातात होता. मी आत शिरलो, रिंगपर्यंत गेलो आणि ती अगदी टोकावरून खाली, एका रेघेवर आणून ठेवली. मग फोन शेजारणीला परत दिला.

"झाली मोठी?"

"झाली," मी म्हणालो.

तिनं गाणं लावून बघितलं. गाण्यानं सगळी ओटी दणाणून गेली. "देव भलं करो तुमचं," म्हणाली आणि गेली.

मला विचारता आलं असतं. मी नुसतं म्हणालो असतो, बाय, दुपारी हिला त्रास होतो, तर तिनं फोन उचलून दुसऱ्या घरी नेऊन ठेवला असता. तिचा स्वभाव तसा होता. पण जी बाई जाता-येता वाटी भरून देते, तिच्याजवळ तक्रार कशी करायची, हा माझा संकोच होता. आणि खरं सांगायचं तर, कुणाला न कळता एक गोष्ट नीट करून टाकली याचं मला बरंही वाटलं. घरात एका रेघेवरची रिंग ऐकू यायला पुरेल असं मी धरून चाललो. ती घरात किती वेळ असते याचा मी विचार केला नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बोट आली. आश्विनातली ऊन तापलेली दुपार. बायको आत झोपली होती. मी न्हाणीघरात पाणी भरत होतो आणि भिंतीपलीकडून बेंजोची धून आली. रातकिड्यासारखी बारीक. मी बादली खाली ठेवून ऐकलं. धून थांबली आणि पुन्हा वाजली. दोन. म्हणजे बोट भरून आली, असं मनात आलं. आणि त्याहून जास्त मनात आलं ते हे, की आवाज किती छान कमी झालाय, ही जागी झाली नाही.

शेजारीण तेव्हा मागच्या परड्यात होती. सुकत घातलेली मासळी उलटत होती. वारा डोंगराकडून समुद्राकडे होता आणि फोन घरात खुंटीला पिशवीत टांगलेला. एरवी त्या बेंजोनं अख्खी आळी जागी व्हायची. मी न्हाणीघराच्या दारातून पाच पावलांवर परड्याच्या कुंपणाशी जाऊन हाक मारू शकलो असतो. तिला ऐकू गेलं नसेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी उरलेलं पाणी भरलं.

पुढचं मला बाजारात समजलं. बोट येऊन पाण्यात उभी राहिली, पण गाडी नाही. त्या दिवशी आणखी बोटी आल्या होत्या, सगळ्या गाड्या लागलेल्या आणि बर्फ उचललेला. तांडेलाचा फोन तोवर बॅटरी संपून बंद पडला होता. शेजारीण किनाऱ्यावर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तांडेल आणि खलाशी भरल्या बोटीत उन्हात बसून होते, बोटीतला बर्फ संपत आलेला. मासळी पुळणीवर आली तोवर व्यापाऱ्यांचे टेम्पो दापोलीच्या चढाला लागले होते. सुरमई आणि म्हाकुलांनी भरलेली बोट, आणि बरीचशी मासळी मऊ पडून सुकवणाऱ्यांकडे मातीमोल गेली. दहा दिवस समुद्रावर काढलेल्या माणसांची मेहनत होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घ्यायच्या आधी तिच्या घरी गेलो. ती ओटीवर बसून होती, डोळे सुजलेले.

"जरा फोन बघू," मी म्हणालो. "रेंजचं काही असेल."

तिनं फोन दिला. मी तिच्याकडे पाठ करून रिंग पुन्हा टोकाला नेली. चूक दुरुस्त केली, असं मला वाटलं. मी फोन परत देतोय तेवढ्यात तांडेल आणि त्याची बायको आली. तांडेल उंच, शांत माणूस. त्याला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही तो ओरडला नाही.

"वैनी, फोन दाखव."

त्यानं फोन घेतला, बटणं दाबली आणि तिच्यासमोर धरला. "हे बग. दोन कॉल. मी किल्ल्याच्या भाईरून दिले. दुपारचे हायत."

"माझ्या कानावर नाय आले रे," ती म्हणाली. "देवाशपथ नाय आले."

"फोनचा आवाज कमी असंल," तांडेल म्हणाला. त्याला तिच्यासाठी वाट शोधायची होती, हे मला दिसत होतं.

"कमी कसा असंल?" शेजारीण माझ्याकडे बघून म्हणाली. "ह्या दादांनी परवाच मोठा करून दिला. गाणी बग कशी वाजतात." आणि तिनं गाणं लावून दाखवलं.

तांडेलानं आपल्या फोनवरून तिला कॉल केला. बेंजो एवढ्या जोरात सुरू झाली की ओटीवरची मांजर पळाली. भिंतीपलीकडे माझी बायको उठून बसली असणार.

"ठणठणीत वाजतोय," तांडेल म्हणाला.

त्याची बायको इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. "वैनीच्या गाण्यांत बोट बुडली असती तरी समजलं नसतं," ती म्हणाली. "नायतर दुपारची झोप लागली असंल. वय झालं आता."

"मी झोपले नव्हते गो. सुकट उलटत होते."

"मग ऐकू नाय आलं?"

शेजारीण फोनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग माझ्या कानाचाच दोष म्हणायचा."

मी तिथे तीन हातांवर उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. गाण्यांचा आवाज वेगळा आणि रिंगचा वेगळा, आणि रिंग मी कमी केली होती, असं. तिथे ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि आता रिंग टोकाला नेऊन ठेवून मी तिच्या बाजूचा एकुलता एक पुरावाही पुसून टाकला होता. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." आणि घरी आलो.

बायकोनं विचारलं, "तुम्ही तिच्या फोनला काही केलंत का हो? चार दिवस वाजला नाही."

"गाणी तेवढी मोठी केली," मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला. आणि म्हणूनच, स्वतःचं डोकं ठणकत असताना, ती शेजारणीला घेऊन दापोलीला कानाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मळ काढला, थेंब दिले आणि म्हणाले, विशेष काही नाही, वयाप्रमाणे थोडंफार असतंच. एवढ्या बोलण्यातून शेजारणीनं 'वयाप्रमाणे' एवढंच घरी आणलं.

किनाऱ्यावरचं काम जावेकडे गेलं. भांडण झालं नाही. शेजारणीनंच सांगितलं, "माझ्यापायी परत बोट उन्हात नको." फोनसुद्धा तिनं जावेला देऊन टाकला आणि स्वतः एक साधा घेतला.

माणूस स्वतःला बहिरा समजायला लागला की कसा बहिरा होतो ते मी पुढचं वर्षभर रोज पाहिलं. ती मोठ्यानं बोलू लागली. लोकही तिच्याशी मोठ्यानं बोलू लागले. एखादं वाक्य नीट ऐकलं तरी ती "काय म्हणालात?" विचारायची, चुकायला नको म्हणून. रस्त्यानं जाताना मागे वळून वळून बघायची. लिलावाला जायची सवय सुटेना म्हणून पुळणीवर जायची, पण घोळक्यात न शिरता मागे, होड्यांच्या सावलीत बसायची. जो व्यापारी तिच्यासमोर सावरून बोलायचा, तो एकदा तिला बघून जावेला म्हणाला, "आजीला घरी सोडा, उन्हात कशाला आणता?" तिनं ते ऐकलं. मी तिचा चेहरा पाहिला. पण आपण ऐकलं हे दाखवायचा हक्क आपल्याला नाही, असं काहीतरी तिनं ठरवून टाकलं होतं.

रोज वाटत होतं सांगावं, आणि रोज उशीर वाढत होता. आदल्या दिवशी न सांगितल्याची लाज दुसऱ्या दिवशीच्या लाजेत जमा व्हायची.

मग तिच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी यायचं. मुलगी फोनवर तारीख ठरवायला लागली तेव्हा शेजारीण आमच्या ओटीवर होती. तिनं फोन कानाला घट्ट दाबून धरला होता.

"तू सासरीच राहा बाय," ती मुलीला म्हणाली. "तुझी सासू चांगली हाय. हितं नको."

मुलगी बरंच काही बोलत असावी.

"अगो, मना ऐकू येत नाय. पोर रडलं आणि मना नाय समजलं तर? बोटीचं झालं तसं पोराचं झालं तर मी काय करू?" मग ऐकत राहिली, आणि फोन ठेवून माझ्या बायकोला म्हणाली, "रागावली. म्हणाली, तुला मी नकोच होय. ताई, मना नको असंल का हो?"

बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी आत गेलो आणि कोरड्या घागरीजवळ उभा राहिलो. ती मुलगी चार महिन्यांची असल्यापासून या बाईनं एकटीनं वाढवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यात गेलो. ती सुकटीच्या रांगेत उकिडवी बसली होती. मी कुंपणाशी उभा राहून सांगितलं. काही सजवलं नाही. गाण्यांचा आवाज वेगळा, रिंगचा वेगळा, मी रिंग कमी केली, मी ती वाजलेली ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी मीच ती परत वाढवली.

ती हातातली मासळी उलटत राहिली. एक रांग संपली. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही की काय. हा विचार आला याचीही लाज वाटली.

मग तिनं विचारलं, "म्हणजे बोटीचं इंजिन मना येतं ते खरंच येतं?"

"कुठलं इंजिन?"

"आमच्या बोटीचं. किल्ल्याच्या कडंनं वळली की घरात बसून मना समजतं. लगीन झाल्यापासून समजतं. आता वर्षभर मी म्हणायची, भास होतो. बहिरीला कसलं इंजिन."

"खरंच येतं. तुझे कान चांगले आहेत."

तिनं हात पदराला पुसले. "ताईंचं डोकं दुखतं तर सांगायचं होतं ना दादा. मी काय परकी होते? मी फोन खाली दिराच्या घरी ठेवला असता."

मी कुंपणाची सैल झालेली काठी आवळत राहिलो.

"मी स्वतःला किती बोलले," ती म्हणाली. "खलाशांच्या बायकांच्या समोरून जायची नाय मी. त्यांच्या नवऱ्यांची मेहनत माझ्या झोपेत गेली, असं तेंच्या मनात. माझ्या पण मनात. मी खरंच झोपले नव्हते ना, असं मीच मना विचारायची." मग उठून उभी राहिली. "माझ्या दिराला सांगा. लिलावाला या आज. सगळ्यांच्या म्होरं सांगा. मी काय मागत नाय तुमच्याकडं, एवढंच."

"येतो," मी म्हणालो.

त्या दिवशी दुपारी मी बायकोलाही सांगितलं. "तुझ्या डोक्यासाठी केलं," असं म्हणून बघितलं.

"माझ्या डोक्याचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "मी तिला फोन बंद कर म्हटलं नव्हतं. आणि तिच्याबरोबर दापोलीला मला जाऊ दिलंत." त्यानंतर ती बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. हक्क होता तिचा.

संध्याकाळी मी पुळणीवर गेलो. गाड्या पाण्यातून बाहेर येत होत्या, बैलांच्या पोटापर्यंत पाणी. तांडेल ओल्या लुंगीत टोपल्या मोजून घेत होता, भोवती खलाशी, त्यांच्या बायका, व्यापारी. शेजारीण नेहमीच्या जागी, होड्यांपाशी. मी गर्दीच्या कडेला पोचलो. तांडेलानं मला पाहिलं आणि हसून म्हणाला, "काका, बांगडा नेताव काय? ताजा हाय." आणि माझ्या हातात पाच-सहा बांगडे ठेवलेसुद्धा, पिशवी नव्हती तर पानात गुंडाळून. मी ते घेतले. म्हणालो, "छान आहेत." आणि परत फिरलो. होड्यांजवळून जाताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

तिनं मला पुन्हा कधी आठवण केली नाही. मुलीला मात्र तिनं त्याच दिवशी फोन करून बोलावून घेतलं. मुलगी आली, आठवा महिना लागताच. बाळ झालं, मुलगी झाली. पहिल्या दिवसापासून ते पोर हुंकारलं तरी शेजारीण परड्यातून धावत यायची. भिंतीपलीकडून मला तिच्या पायांचा आवाज यायचा.

बाराव्या दिवशी बारसं. तांडेल आणि त्याची बायको आली होती. पाळण्यात पोर रडायला लागलं, तशी जाऊ शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "वैनी, पोर रडतंय हो." तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. सवयीनं बोलली. शेजारणीनं पाळण्याकडे जाता जाता एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं. माझ्या हातात घुगऱ्यांची वाटी होती. मी मान खाली घालून घुगऱ्या खात राहिलो.

"येतं गो ऐकू," ती जावेला म्हणाली. "एवढी वरडू नको, पोर बिचकंल."

सगळे हसले. तिला वाटलं असेल, आपलं आपणच सांगितलं पाहिजे. पण एका वाक्यानं आळीचं मत कुठे बदलतं. लोक म्हणाले, थेंबांनी गुण आलेला दिसतो. किनाऱ्याचं काम तिनं परत मागितलं नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, "जाव आता चांगलं करते. तिच्या हातातनं काढून घेऊ? मना कुणी तसं केलेलं आवडलं नव्हतं."

आता ती नाही. माझी बायकोही नाही. तांडेलानं समुद्र सोडून बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मी काठी टेकत त्याच्या घरी गेलो. तो अंगणात जाळ्याची भोकं शिवत बसला होता, नुसता हाताला चाळा. मी समोरच्या पायरीवर बसलो आणि सांगायला सुरुवात केली.

"काय?" तो कानामागे हात धरून म्हणाला. "मोठ्यानं बोला काका. इंजिनापाशी जन्म गेला, माझे कान कामातनं गेले."

मी मोठ्यानं सांगितलं. तरी त्याला कळेना. फोन, रिंग, वैनी, एवढेच शब्द त्याच्यापर्यंत पोचत होते. शेवटी मी उभा राहिलो आणि शक्य तेवढ्या मोठ्यानं, एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. त्या दुपारी फोन वाजला. आवाज मी कमी केला होता. वैनी झोपली नव्हती. तिचे कान चांगले होते. दुसऱ्या दिवशी आवाज मीच वाढवला. मी गप्प राहिलो. गल्लीतून जाणारी माणसं थांबली. समोरच्या घराची खिडकी उघडली. माझा घसा खरखरला, पण थांबलो नाही.

तांडेलाच्या हातातली सुई थांबली होती.

"मग मी तिला फोन वाजवून दाखवला," तो म्हणाला. "तिच्या तोंडासमोर धरून."

"तो मी वाढवून ठेवला होता."

"तिनं माझ्या पोरांना हातावर वाढवलं, काका. मी तिला काम सोड म्हटलं नव्हतं. पण राहा पण म्हटलं नाय."

मग त्यानं घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्यानं बोलतो.

"अगो, ऐकलंस काय? वैनी झोपली नव्हती."

मग ती दारात आली, हात कणकेचे, डोळे मनगटानं पुसत.

"ऐकलं," ती म्हणाली. "सगळ्या आळीनं ऐकलं. माझे हात भरलेत, तू काकांना पाणी दे, घसा बसला तेंचा."